आत्तीचा मुलगा भाऊ की स्थळ? नात्यांची मोजणी जगभर वेगळी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. तुम्ही मूळच्या गडहिंग्लज भागातल्या, नोकरीला पुण्यात. घरी सख्ख्या आत्तीच्या, म्हणजे आत्याच्या, मुलासाठी विचारणा झाली आहे. ऑफिसातल्या हरयाणाच्या मैत्रिणीला हे सांगितलंत तर ती दचकली. "तुमच्यात भावाशी लग्न करतात?" असं तिनं सरळ विचारलं. हैदराबादच्या तेलुगू मुलीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एका मुस्लिम सहकाऱ्यानं सांगितलं, त्याच्या आईवडिलांचं लग्न चुलत नात्यातलं आहे, आणि ते ऐकून तुम्ही स्वतः दचकलात. मग तुम्ही विचारलंत: एकच नातं एका ठिकाणी पाप आणि दुसऱ्या ठिकाणी हक्काचं, हे कसं? यातलं बरोबर कोणाचं?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं आणि करवीर, कागल, शिरोळ, गडहिंग्लज या तालुक्यांत घरोघरी बसून वंशावळी उतरवून घेतल्या. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. जगात नात्यांच्या पद्धती इतक्या वेगळ्या का, हा पहिला. कायदा आणि आरोग्य काय म्हणतं, हा दुसरा. तुम्ही या स्थळाला हो म्हणावं का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर मी नीट देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या समाजाची रीत काय आणि दोन्ही घरांत कोणते आजार आहेत यावर ठरेल. तिसऱ्याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ नये.

सुरुवात रक्तापासून करू, कारण तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप तिथूनच येतो. चुलत्याचा मुलगा, आत्तीचा मुलगा, मामाचा मुलगा आणि मावशीचा मुलगा हे चौघं तुमच्यापासून रक्तानं अगदी सारख्या अंतरावर आहेत. चौघांशीही तुमची आनुवंशिक सामग्री सरासरी एक अष्टमांश जुळते. निसर्गाच्या हिशेबात या चौघांत कणभरही फरक नाही. तरी जगातले कितीतरी समाज या चौघांत भेद करतात. तो भेद रक्ताचा नाही. घर कोणतं, नाव कोणाचं, जमीन कोणाकडे जाणार, कोणाच्या मरणाचं सुतक कोण धरणार, यावरून तो ठरतो.

आपल्या भागात हे फार स्वच्छ दिसतं. कुठल्याही गावात वंशावळ घ्यायला बसा, माणसं आपणहून सगळ्या ओळखीच्यांचे दोन गट पाडतात: भावकी आणि पै-पाव्हणं. भावकी म्हणजे एक कुळी, एक देवक (घराण्यानं पवित्र मानलेलं झाड किंवा वस्तू), एक कुलदैवत. सुतक एकत्र, बांधावरची भांडणंही एकत्र. पाव्हणं म्हणजे जिथून मुली आणल्या आणि जिथं मुली दिल्या ती घरं. चुलता भावकीतला, म्हणून त्याची मुलं तुमची बहीणभावंडं, मग ती चार पिढ्या लांबची का असेनात. आत्ती लग्न होऊन पाव्हण्यांत गेली, तिची मुलं दुसऱ्या घराचं नाव लावतात. मामा तर जन्मापासूनच पाव्हणा. मराठा घरांत सोयरीक ठरवताना पहिल्यांदा देवक विचारतात, ते याचसाठी. पंचपालवी असो की कळंब, एका देवकात लग्न होत नाही. आत्ती आणि मामा यांच्या घरांना ही अडचण सहसा येत नाही.

इथं एक चांगली शंका निघते, आणि माझ्या वर्गातली हुशार मुलं ती दरवर्षी काढायची. मावशीची मुलंसुद्धा दुसऱ्याच घराचं नाव लावतात. मग मावसभाऊ स्थळ का नाही?

याचं उत्तर समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं. कल्पना करा, वरचं घर आणि खालचं घर अशी दोनच घरं आहेत आणि पिढ्यानपिढ्या ती एकमेकांतच मुली देतात. तुमची आई खालच्या घरातून वरच्या घरी आली. मावशीही खालच्याच घरची मुलगी, म्हणजे तीही लग्न होऊन वरच्या घरीच येणार. तिचा नवरा वरच्या घरचा, म्हणजे तुमच्या वडिलांच्या भावाच्या जागी बसतो. मग तिची मुलं तुमची चुलत भावंडं झाली. उलट मामा खालच्या घरात राहिला आणि आत्ती खालच्या घरी गेली, म्हणून त्या दोघांची मुलं खालच्या घरची. दोन घरं प्रत्यक्षात कधीच नसतात, शंभर घरं असतात, पण मोजण्याची पद्धत या सोप्या मांडणीवर उभी असते. गडहिंग्लज भागातल्या कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे कान दिलात तर हे ऐकू येईल. वडिलांचा मोठा भाऊ दोड्डप्पा, धाकटा चिक्कप्पा, आणि मावशीच्या नवऱ्यालाही तेच दोड्डप्पा नाहीतर चिक्कप्पा. मामा मात्र माव, आणि सासराही माव. आत्या अत्ते, आणि सासूही अत्ते. तमिळ आणि तेलुगूतही बेत असाच आहे. तुमच्या तेलुगू मैत्रिणीला धक्का का बसला नाही, ते यात आलं.

ही मांडणी दक्षिण भारतापुरतीच आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी लुईस हेन्री मॉर्गन नावाचा वकील होता. तिथल्या सेनेका या मूलनिवासी लोकांत वावरताना त्याच्या लक्षात आलं की ते चुलत्याला बापच म्हणतात, मावशीला आईच म्हणतात, आणि मामा-आत्यांना मात्र वेगळं काढतात. त्यानं प्रश्नावल्या छापून जगभर पाठवल्या. तमिळ नात्यांचा तक्ता हाती आला तेव्हा तो थक्क झाला, कारण हजारो मैल दूरच्या दोन समाजांची मांडणी बरीचशी जुळत होती. १८७१ साली त्याचा ग्रंथ आला आणि नातेसंबंधांचा अभ्यास हे एक शास्त्र झालं. एक सावधगिरी इथंच सांगते. सेनेका लोकांत मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्यासारखी रीत नव्हती. म्हणजे नात्यांची नावं जुळली म्हणून लग्नाचे नियमही जुळतील असं धरून चालता येत नाही. दोन्ही वेगवेगळं विचारावं लागतं.

आता आपल्या घरची गोष्ट. तुमच्या आजीनं "आतेघरी भाची सून" ही म्हण नक्की म्हटली असेल. कर्नाटकाच्या आतल्या भागात मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी दोन्ही चालतात, काही समाजांत मामा स्वतः भाचीशी लग्न करतो. आपल्याकडच्या मराठा-कुणबी घरांत मात्र जुना कल एकाच दिशेचा आहे. मुलानं मामाची मुलगी करावी, म्हणजेच मुलीनं आत्तीच्या घरी जावं. उलट दिशेला, म्हणजे आई ज्या घरातून आली त्याच घरी मुलगी परत देण्याला, अनेक जुनी माणसं नाखूश असतात. कारण मानपानाचं आहे. मुलगी देणारं घर वाकतं आणि घेणारं घर मान घेतं. एकाच दिशेनं मुली जात राहिल्या तर कोण कोणापुढे वाकायचं हे ठरलेलं राहतं. दिशा उलटली की कालचा मान घेणारा आज वाकायला येतो आणि सगळा हिशेब बिघडतो. हे रास्त आहे असं मी म्हणत नाही, मुलीकडच्यांनी वाकायचं हीच गोष्ट मला मान्य नाही. पण नियम कुठून आला ते कळायला हवं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग पाडून त्यांनी महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात ठेवलं. त्याचा अर्थ इतकाच की आपल्यात उत्तरेचंही थोडं आहे आणि दक्षिणेचंही. भाषा उत्तरेच्या कुळातली, सोयरिकीचा कल बराचसा दक्षिणेचा. कोल्हापूर जिल्ह्यात तर हा सांधा एकाच तालुक्यात, कधी एकाच गल्लीत दिसतो. आपण त्याला मामेभाऊ, आत्तेभाऊ म्हणतो, म्हणजे नावात भाऊ आहेच. पण लहानपणापासून त्याच्यावरून चिडवलंही जातं, जे चुलतभावावरून कधी कोणी चिडवणार नाही. मैत्रिणीला तुमच्या तोंडून नाव ऐकू आलं, वागणूक तिनं पाहिलेली नाही.

तुमच्या मैत्रिणीकडे वळू. तिला कोत्या विचारांची ठरवू नका, तिची पद्धत तुमच्याइतकीच सुसंगत आहे. हरयाणातल्या जाट समाजात स्वतःचं गोत्र, आईचं गोत्र आणि आजीचं गोत्र टाळून लग्न होतं, काही ठिकाणी आईच्या आईचंही. गावातली कुठल्याही जातीची मुलगी गावच्या मुलाला बहीण, आणि अनेक ठिकाणी लगतच्या गावांनाही हाच नियम. या हिशेबात मामाची मुलगी आईच्याच गोत्राची, म्हणजे बाद. आत्याची मुलगी आपल्याच घरच्या लेकीच्या पोटची, म्हणजे तीही बाद. यामागचा विचार असा की लग्नानं नवं घर जोडायचं. जे जोडलेलंच आहे त्यात पुन्हा मुलगी देऊन काय मिळवलं? त्याची किंमत मुलीला मोजावी लागते. ती अनोळखी गावात, अनोळखी माणसांत जाते, थोरांसमोर पदर पुढे ओढते आणि माहेर लांब राहतं. दक्षिणेत सून आत्याच्या नाहीतर मामाच्याच घरी जाते, तिला तिथली चूल आधीपासून ठाऊक असते. उत्तर आणि दक्षिणेतल्या सुनेच्या आयुष्यातला हा फरक इरावतीबाईंनी फार चांगला दाखवला आहे, आणि तुम्ही स्वतःसाठी निर्णय घेताना तो लक्षात घ्यावा असं मला वाटतं.

मुस्लिम सहकाऱ्याच्या घरची रीत तुम्हाला सर्वांत परकी वाटली, कारण तिनं थेट तुमच्या भावकीला हात घातला. अरब जगात, इराणात, पाकिस्तानात चुलत्याच्या मुलीशी लग्न हे कित्येक ठिकाणी पहिल्या पसंतीचं मानलं गेलं आहे. इस्लाममध्ये कोणाशी लग्न निषिद्ध याची यादी आहे आणि त्यात या चार प्रकारच्या भावंडांपैकी कोणीच नाही. म्हणजे धर्मानं परवानगी दिली, सक्ती केली नाही. पसंती आली ती घराच्या हिशेबातून. तिथं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, मुलाच्या निम्मा का होईना. ती चुलतभावाच्या घरी गेली तर जमीन आणि जनावरं आजोबांच्याच वंशात राहतात, आणि दोन भावांची घरं एकमेकांना बांधलेली राहतात. आपण भावकी जपायला भावकीबाहेर लग्न करतो, ते भावकी जपायला भावकीत करतात.

याच संदर्भातली एक जुळणी मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. आपल्याकडे सून सासूला आत्ती आणि सासऱ्याला मामा म्हणते. लग्न नात्याबाहेर, अगदी दुसऱ्या जिल्ह्यात झालं असलं तरी. अरबी बोलणाऱ्या अनेक घरांत सासऱ्याला अम्म म्हणतात, म्हणजे चुलता, आणि नवरा बायकोला लाडानं किंवा आदरानं चुलत्याची लेक म्हणून हाक मारतो, तिचं-त्याचं तसं काहीच नातं नसलं तरी. ज्या घरातून सून यावी असं समाजाला पूर्वी वाटत होतं, त्या घराची हाक मागे शिल्लक राहिली आहे. कोणत्याही नव्या समाजाचा अभ्यास करताना मी सासू-सासऱ्यांना काय म्हणतात हे आधी विचारते, ते यामुळे.

युरोपात निराळंच घडलं. तिथं भावकी असा पक्का गटच बहुतेक ठिकाणी उरला नाही. आईकडचे आणि वडिलांकडचे नातेवाईक सारखेच लांब किंवा जवळ, म्हणून चारही प्रकारची भावंडं एकाच कझिन शब्दात बसतात. मध्ययुगात चर्चनं नात्यातल्या लग्नांवर फार कडक बंदी घातली होती. सात पिढ्यांपर्यंतचं नातं चालत नसे, ते १२१५ साली चार पिढ्यांवर आणलं गेलं. पुढे प्रोटेस्टंट देशांत हे बंधन सुटलं. चार्ल्स डार्विननं १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केलं, ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्या आजीनं हे लग्न आनंदानं मान्य केलं असतं. अल्बर्ट आइन्स्टाइनची दुसरी पत्नी एल्सा मात्र त्याच्या सख्ख्या मावशीची मुलगी होती, लग्न १९१९ सालचं. ते आपल्याकडे कोणी ऐकूनही घेतलं नसतं. त्यांच्या समाजाला या दोन लग्नांत फरक दिसत नव्हता. आज इंग्लंडात अशी लग्नं कायदेशीर आहेत, तर अमेरिकेच्या साधारण निम्म्या राज्यांत नाहीत.

चीन आणि कोरियाची रेषा आडनावावर आहे. चीनमध्ये एका आडनावात लग्न नाही हा जुना दंडक होता. वडिलांच्या भावाची मुलं एका गटात आणि आत्या, मामा, मावशी यांची मुलं दुसऱ्या गटात मोजतात, आणि या दुसऱ्या गटात पूर्वी लग्नं होत. १९८० च्या विवाह कायद्यानं तीही बंद केली. कोरियात एक कुळी आणि एक मूळ गाव असलेल्यांना लग्नाची बंदी होती. गिमहेच्या किम कुळीत चाळीस लाखांवर माणसं आहेत, त्यातल्या कोणालाही आपसात लग्न करता येत नसे. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं १९९७ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २००५ मध्ये कायद्यातून ती गेली. आपल्याकडच्या एका देवकातल्या प्रेमप्रकरणांवर जे घराघरांत चालतं, तेच तिथं न्यायालयात चाललं.

आतापर्यंत सगळी उदाहरणं वडिलांचं नाव लावणाऱ्यांची किंवा दोन्हीकडचं सारखं मोजणाऱ्यांची झाली. वंश आईकडून चालला तर काय होतं? केरळातल्या नायर समाजात तारवाड नावाचं एकत्र घर असे: आजी, तिच्या मुली, मुलगे, मुलींची मुलं. कारभारी मामा. बाप दुसऱ्या तारवाडाचा, तो यायचा-जायचा. कायद्यानं ही एकत्र कुटुंबपद्धती १९७५ मध्ये संपवली. आता वरचा हिशेब इथं लावून पाहा. मावशीची मुलं तुमच्याच तारवाडात जन्मलेली, म्हणजे ती भावकी. मामा तुमच्या घरचा, पण त्याची मुलं त्याच्या बायकोच्या तारवाडाची. आत्या वडिलांच्या तारवाडाची, तिची मुलंही तिथलीच. म्हणजे वंश आईकडून मोजा की वडिलांकडून, आत्या-मामांची मुलं दोन्ही मोजण्यांत घराबाहेरच पडतात. जगाच्या इतक्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत या नात्यात लग्नाला वाट मिळाली, त्याचं एक मोठं कारण हे आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९४९ साली यावर सिद्धांत उभा केला की लग्न म्हणजे दोन गटांमधली मुलींची देवघेव. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला की यात बाई ही द्यायची-घ्यायची वस्तू होऊन बसते. तो आक्षेप मला पटतो. माझ्या वंशावळींतल्या बायका स्वतः सोयरिकी जुळवत होत्या आणि मोडतही होत्या.

मेघालयातल्या खासी समाजात घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जातं. इंडोनेशियातले मिनांगकाबाऊ लोक मुस्लिम असूनही घर आणि शेत आईकडून लेकीला देतात. चीनच्या लुगू सरोवराकाठच्या मोसुओंत पुरुष रात्री जोडीदारिणीकडे जातो, सकाळी आपल्या आईच्या घरी परततो आणि बहिणीची मुलं वाढवतो. दक्षिण सुदानच्या नुएर लोकांत तर मूल न झालेली बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावू शकते. त्या दुसऱ्या बाईला होणाऱ्या मुलांचा बाप म्हणून या पहिल्या बाईचं नाव लागतं.

हे शेवटचं ऐकून फार नवल वाटायचं कारण नाही. रक्त एकाचं आणि वंश दुसऱ्याचा ही गोष्ट आपल्या कोल्हापूरच्या गादीनं पाहिली आहे. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि छत्रपती शाहू झाले. दत्तविधान झालं की कुळी बदलते, सुतक बदलतं, वारसा बदलतो. तरीही १९५६ चा दत्तक कायदा सांगतो की जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. म्हणजे आपला कायदा रक्त आणि घर दोन्ही एकाच वेळी मोजतो. याच शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. सोयरिकीची रेषा माणसांनी आखलेली असते आणि माणसं ती हलवू शकतात, हे त्यांनी राज्यकारभारात करून दाखवलं.

इथपर्यंतचं पक्कं करून घेऊ: रक्तानं चौघं सारखे, भेद घराच्या मोजणीतून येतो, आणि मोजणी वारसा, मान आणि राहण्याची जागा यांच्याशी बांधलेली असते. आता कायदा.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणींच्या मुलांचं एकमेकांशी लग्न निषिद्ध नात्यांत मोडतं. शिवाय आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचे सपिंड (एकाच पूर्वजाचे जवळचे वंशज) निषिद्ध, त्यातही तुम्ही दोघं येता. मात्र दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर लग्न वैध आहे. रूढी म्हणजे दीर्घकाळ, सलग आणि सारखेपणानं पाळली गेलेली रीत. ती नसेल तर लग्न रद्दबातल ठरू शकतं. नोंदणी पद्धतीनं, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं असेल तर तिथल्या यादीतही मामा-आत्याची मुलं निषिद्ध आहेत, पण दोघांपैकी किमान एकाच्या समाजाची रूढी असेल तर चालतं. आपल्या भागात मामाच्या मुलीची रूढी अनेक समाजांत पिढ्यानपिढ्या आहे, पण सगळ्यांत नाही. तुमची जात तुम्ही लिहिलेली नाही, तशी इथं लिहायचीही गरज नाही. घरातल्या मागच्या पिढ्यांत अशी लग्नं झाली आहेत का ते आजोबा-आजींकडून विचारून घ्या. तुमच्या गावी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, येत असतील तर त्यांच्या चोपड्यांतही घराण्याच्या पिढ्या सापडतात.

आरोग्याबद्दल मी डॉक्टर नाही, पण ठाऊक असलेले आकडे सांगते. कुठल्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या मामा-आत्याच्या मुलांत लग्न झालं तर तिच्यात जवळपास तेवढीच भर पडते. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांवर झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्षही सुमारे ३ वरून ६ टक्के असाच आला. म्हणजे बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात, पण धोका दुप्पट होतो, आणि दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवायला हवीत. मामा-भाचीच्या लग्नात रक्ताचं अंतर आणखी निम्मं होतं, तिथं धोका अधिक. तुमचे किंवा त्याचे आईवडीलही नात्यातले असतील, तर साधा हिशेब लागू पडत नाही. दोन्ही घरांत कोणाला थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपण, लहान मुलांचे एकामागून एक मृत्यू असं काही असेल, तर साखरपुड्याच्या आधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाकडे दोघांनी मिळून जा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटक आणि तमिळनाडूत साधारण चारातलं एक लग्न नात्यातलं आढळलं, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा आहे. लाजायचं कारण नाही.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. ओळखीच्या घरी जाण्याचं सुख खरं आहे, मी ते अनेक घरांत पाहिलं आहे. सासूनं लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं असतं, आजारपणात परकेपणा नसतो. पण त्याच घरात काही बिनसलं तर तक्रार सांगायची कोणाला? वडील ऐकणार ते स्वतःच्या बहिणीविरुद्ध. नवराबायकोचं भांडण बहीणभावाचं भांडण होतं, मग सगळे मिळून मुलीलाच गप्प बसवतात, कारण दोन घरं तुटायला नकोत. हेही मी पाहिलं आहे, आणि अशा मुली मनमोकळं बोलायला फार वेळ घेतात.

दुसरी एक गोष्ट आपल्या भागात हमखास निघते. २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, म्हणजे तुमच्या आत्तीलाही तुमच्या आजोबांच्या जमिनीत वाटा सांगता येतो. सोयरिकीच्या बैठकीत कोणी हक्कसोडपत्राचा विषय काढला, मुलगी घेतो तर सही करा किंवा सही केली तर मुलगी द्या अशा थाटात, तर दोन्ही गोष्टी तिथंच वेगळ्या करा. आत्तीचा वाटा आत्तीचा आहे आणि तुमचं लग्न तुमचं. हे स्पष्ट बोलायला वडिलांना जड जाईल, तेव्हा घरातल्या एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्या बाईला पुढे घाला. त्या असल्या बैठकी चांगल्या सांभाळतात.

आणि त्या मुलाशी एकट्यानं बोला. तो तुम्हाला आत्तापर्यंत आत्तीचा मुलगा म्हणून माहीत आहे, नवरा म्हणून तो कसा विचार करतो ते माहीत असेलच असं नाही. तुमच्या मनात तो भाऊच असेल, त्या जागी दुसरं काही येतच नसेल, तर रूढी, कायदा आणि डॉक्टर तिघांनी हो म्हटलं तरी नाही म्हणायला ते कारण पुरेसं आहे. एकत्र वाढलेल्या मुलांना पुढे एकमेकांबद्दल ओढ वाटत नाही, असं मुलं एकत्र वाढवणाऱ्या इस्रायलच्या किबुत्झ वसाहतींत आणि तैवानमध्ये लहानपणीच सासरी आणून वाढवलेल्या बालवधूंच्या घरांत अभ्यासकांना दिसलं आहे. लहानपणी सुट्ट्या एका अंगणात गेल्या की वर्षभर एका घरात राहिलात, यावरही बरंच अवलंबून आहे.

मैत्रिणीला उत्तर द्यायचं असेल तर तिला वाद घालून पटवू नका. तिच्या मामाच्या मुलीला ती काय मानते, तिच्या गावात मुली कुठून येतात, हे तिला विचारा आणि तुमची भावकी-पाव्हण्यांची मांडणी कागदावर काढून दाखवा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, भावंडांना वरून एक आडवी रेघ. तीन पिढ्या पुरतात. तोच कागद तुमच्याही कामाचा आहे. त्यावर दोन्ही आज्यांची माहेरं आणि घरातली आधीची नात्यातली लग्नं भरा. डॉक्टरकडे आणि गरज पडली तर वकिलाकडेही तोच घेऊन जा. भरताना एखादं नातं कुठं बसवायचं ते कळलं नाही, तर नावं न लिहिता फक्त नाती इथं टाका, मी पाहून सांगेन.